खासगी शाळेचा पुढे करिअरला फायदा होतो का? कासारवडवलीच्या एका आईला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी पावणेतीन वर्षांची. घर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला, तुम्ही ठाण्यात बँकेत, यजमान ऐरोलीला आयटी कंपनीत. दोघंही मराठी माध्यमातून शिकलेले. दोघांचा मिळून महिन्याला १,४०,००० रुपये पगार हातात येतो, त्यातले ५२,००० घराच्या हप्त्याला जातात. जवळच्या सीबीएसई शाळेने ज्युनिअर केजीची फी वर्षाला १,२०,००० सांगितली आहे. सासरे म्हणतात, नौपाड्यातल्या आपल्या जुन्या अनुदानित शाळेतच घाला, आम्ही सगळे तिथेच शिकलो. तुम्हाला जाणून घ्यायचंय की पुढच्या करिअरसाठी खासगी शाळेचा खरोखर काही फायदा होतो, की इमारतीतली सगळी मुलं जातात म्हणून आपणही पैसे घालतोय.

फायदा होतो, हे आधीच सांगते. तो तीन-चार ठरावीक गोष्टींतून होतो आणि त्या गोष्टी प्रत्येक खासगी शाळेत नसतात. बारा वर्षं मी ठाण्यातल्या अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवलं, त्यानंतर नऊ वर्षं नवी मुंबईतल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. गेली आठ वर्षं दहावी-बारावीच्या मुलांना करिअरचं मार्गदर्शन करते आणि इंजिनीअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सराव-मुलाखती घेते. त्यामुळे शाळेच्या बाकावर बसलेलं मूल आणि पंधरा वर्षांनी नोकरीच्या टेबलासमोर बसलेलं मूल, दोन्ही मी पाहिली आहेत.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. तुमच्या सासऱ्यांची शाळाही खासगीच आहे. ठाण्यातल्या बहुतेक नावाजलेल्या जुन्या मराठी शाळा शिक्षणसंस्थांनी काढलेल्या आहेत. व्यवस्थापन संस्थेचं आणि शिक्षकांचा पगार सरकारचा, म्हणजे अनुदानित. तुम्ही बघताय ती बहुधा विनाअनुदानित किंवा २०१२ च्या कायद्याखाली निघालेली स्वयंअर्थसहाय्यित शाळा असेल, जिथे सगळा खर्च पालकांच्या फीतून निघतो. तिसरी महापालिकेची. नवी मुंबई महापालिकेने तर सीवूड्स आणि कोपरखैरणे इथे स्वतःच्या सीबीएसई शाळा चालवल्या आहेत, त्यामुळे 'सीबीएसई म्हणजे खासगी' हेही समीकरण आता उरलेलं नाही. तुमचा खरा प्रश्न आहे तो फी भरून घ्यायच्या इंग्रजी शाळेचा, म्हणून तेवढ्याचंच बोलते.

मुलीच्या आयुष्यात पुढे जे मोठे दरवाजे येतील, त्यांतल्या पहिल्या काही दरवाज्यांवर शाळेचं नाव कोणी विचारत नाही. इंजिनीअरिंगची एमएचटी-सीईटी २०० गुणांची, त्यात अकरावीचा अभ्यासक्रम २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, तोही राज्य मंडळाचा. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांचे पेपर १३ भाषांत असतात, मराठीतही. व्हीजेटीआयसारखं नावाजलेलं इंजिनीअरिंग कॉलेज असो, रसायन तंत्रज्ञानासाठी माटुंग्याचं आयसीटी असो, गुणवत्तायादीत मुलीचा क्रमांक असतो, शाळेचा नसतो. घोडबंदर रोडवरच्या सुंदर इमारतीत शिकलेलं मूल आणि कळव्याच्या अनुदानित शाळेतलं मूल तिथे एकाच रांगेत उभं असतं. म्हणून 'शाळेमुळे चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळेल' या आशेवर फी भरत असाल तर भरू नका.

फरक पडतो तो त्याच्या पुढे.

दोन वर्षांपूर्वी सराव-मुलाखतीत एक मुलगा माझ्यासमोर बसला. डोंबिवलीजवळच्या मराठी शाळेतला, कॉम्प्युटर शाखेचा, गुण उत्तम. मी इंग्रजीत विचारलं, तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय फसलं आणि ते तू कसं शोधलंस? पाठ केलेली दोन वाक्यं बोलून तो थांबला. मुलाखत संपल्यावर जिन्यात भेटला. मी म्हटलं, आता मराठीत सांग. दहा मिनिटं तो अखंड बोलत होता. सेन्सरकडून येणारे आकडे रात्री का बिघडायचे, त्याने तीन रात्री जागून तारा कशा तपासल्या, शेवटी दोष वीजपुरवठ्यात कसा निघाला, सगळं सांगितलं. मी नोकरी देणारी असते तर त्या जिन्यातच त्याला घेतलं असतं. पण कंपनीची मुलाखत जिन्यात होत नाही.

त्याच दिवशी आलेली एक मुलगी, गुण त्याच्यापेक्षा कमी, नवी मुंबईतल्या फीच्या शाळेत शिकलेली. तिचा प्रोजेक्टही साधाच. पण 'हे मला जमलं नाही, ते मी असं शोधलं, अजून एवढं बाकी आहे' हे तिने शांतपणे, साध्या इंग्रजीत सांगितलं. तिच्याकडे इंग्रजी होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोठ्या माणसासमोर आपली चूक मोकळेपणी सांगायची सवय होती. ती कुठून आली, असं मी तिला विचारलं. म्हणाली, आमच्याकडे तिसरीपासून दर महिन्याला वर्गासमोर काहीतरी सादर करावं लागायचं, आणि खाली बसलेली मुलं प्रश्न विचारायची.

फायदा म्हणतात तो हा. पहिलीपासून दहावीपर्यंत मूल किती वेळा उभं राहून स्वतःच्या शब्दांत बोललं, त्याला कोणी उलट प्रश्न विचारला का, उत्तर येत नाही म्हटल्यावर त्याला काय वागणूक मिळाली, याची बेरीज बाविसाव्या वर्षी दिसते. ज्या चांगल्या खासगी शाळांत मी गेले आहे, त्यांच्या फीतला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो. स्विमिंग पूल आणि घोडेस्वारी माझ्या लेखी फार खालच्या क्रमांकावर.

इंग्रजीचा पैशातला हिशोबही झालेला आहे. २००५ च्या देशव्यापी कुटुंब-पाहणीच्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलं की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांना ताशी मजुरी सरासरी ३४ टक्के जास्त मिळते आणि थोडंफार इंग्रजी येणाऱ्यांना १३ टक्के. शिक्षण, वय, सामाजिक गट यांचा फरक वजा केल्यावरचे हे आकडे. आपल्या अगदी जवळचा अभ्यास दादरचा आहे. कायवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतल्या मुलांचा मागोवा घेतला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाल्यावर इंग्रजी माध्यमाचा मोबदला वाढत गेला. तरी कामगार जातींतल्या घरांनी मुलग्यांना मराठीतच ठेवलं, कारण नातेवाईक आणि जातवाल्यांच्या ओळखीने मिळणाऱ्या ठरलेल्या नोकऱ्या त्यांच्यासाठी होत्या. मुलींना त्या ओळखींचा उपयोग नव्हता, म्हणून त्या इंग्रजीकडे वळल्या आणि पुढे गेल्या. तुमची मुलगी आहे, म्हणून हा अभ्यास मुद्दाम सांगितला. आपल्या समाजात मुलीला वशिल्याची शिडी आजही कमी मिळते. तिच्या हातातली भाषा आणि कौशल्य ही तिची स्वतःची मालमत्ता असते.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच जोराने सांगायला हवी. वर सांगितलेली किंमत इंग्रजी येण्याची आहे, इंग्रजी शाळेत बसण्याची नाही. आंध्र प्रदेशात १८० गावांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि चार वर्षांनी सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांशी तुलना केली. तेलुगू आणि गणितात फरक सापडला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुलं पुढे होती, कारण तिथे हिंदीला वेळ दिला जात होता. त्या गावातल्या कमी फीच्या शाळा होत्या, घोडबंदरच्या नव्हत्या, हे खरं. पण माझा अनुभव त्या निष्कर्षाशी जुळतो. शाळा ज्या गोष्टीला रोजचा वेळ देते तेवढीच गोष्ट मुलाला येते. आपल्याकडे कितीतरी इंग्रजी शाळांत बाई फळ्यावर उत्तर लिहितात, मुलं ते वहीत उतरवतात, वही तपासून लाल बरोबर मिळतं आणि दहा वर्षांत मूल स्वतःचं एक वाक्य बोलत नाही. अशा शाळेतून आलेली मुलंही माझ्यासमोर बसतात. त्यांची अवस्था त्या जिन्यातल्या मुलापेक्षा वाईट असते, कारण त्यांना मराठीतही सांगता येत नाही.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा रिसेप्शनवरच्या ताईंशी बोलून परत येऊ नका. चौथी-पाचवीतली दोन मुलं मधल्या सुट्टीत भेटली तर त्यांना विचारा, आज वर्गात काय झालं? मूल तुमच्याकडे बघून बोलतं का, की बाईंकडे बघतं? सातवीच्या एखाद्या मुलाची विज्ञानाची वही मागा आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाची वही शेजारी ठेवा. दोन्हींत उत्तरं शब्दशः सारखी असतील तर ती शाळा मुलांना लिहून देते, लिहायला शिकवत नाही. ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि माझा अंदाज तिच्यावरून क्वचितच चुकला आहे.

दुसरा मोठा फायदा माहितीचा. पालक याचा विचार सगळ्यात कमी करतात, म्हणून जरा थांबून सांगते. चांगल्या खासगी शाळेत नववीच्या सुमारास समुपदेशक मुलांसमोर वाटा मांडतात. कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठांसाठी क्लॅट, डिझाइनसाठी एनआयडी आणि निफ्ट, मूलभूत विज्ञानासाठी आयसर, सैन्यात अधिकारी व्हायला एनडीए, जिथे २०२१ पासून मुलीही परीक्षेला बसतात. अनुदानित मराठी शाळेतून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना यातली बरीच नावं बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदा ऐकू येतात. गेली काही वर्षं क्लॅट डिसेंबरात होते, म्हणजे बारावी बोर्डाच्याही आधी. जूनमध्ये चौकशीला आलेल्या हुशार मुलीला 'परीक्षा होऊन गेली, बाळ' असं सांगताना फार वाईट वाटतं. तिच्या बुद्धीत काही कमी नसतं, तिला वेळेवर सांगणारं माणूस नसतं.

पण हा फायदा विकत न घेताही मिळवता येतो. तुम्ही दोघं शिकलेले आहात, घरात इंटरनेट आहे. सातवीपासून वर्षातून एक दिवस बसून या परीक्षांच्या तारखा आणि पात्रता बघितल्या तरी शाळेच्या समुपदेशकाचं निम्मं काम घरी होतं. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय संस्था आहे, स्पर्धा परीक्षांकडे वळायचं असेल तर तिथे मार्गदर्शन मिळतं. ज्या घरात कोणी दहावीच्या पुढे शिकलेलं नाही, त्या घराला मात्र शाळेने दिलेली ही माहिती लाखमोलाची असते. त्यामुळे घरकाम करणाऱ्या एखाद्या बाईने मला हाच प्रश्न विचारला तर माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं असेल. तिला मी खासगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याने राखलेल्या २५ टक्के जागांचा अर्ज सगळ्यात आधी भरायला सांगते. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द केली. हे अजूनही अनेकांच्या कानापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना जरूर सांगा. दिल्लीच्या उच्चभ्रू शाळांतल्या एका अभ्यासात असंही दिसलं की वर्गात गरीब घरची मुलं आली तेव्हा श्रीमंत मुलं जास्त उदार झाली आणि भेदभाव कमी करू लागली.

शिक्षकांबद्दल दोन्हीकडच्या उणिवा मी आतून पाहिल्या आहेत. अनुदानित शाळेत संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर ते, पटावर ठरतं. पट घसरला की पद जातं, निवृत्त झालेल्या बाईंची जागा भरती अडकल्यामुळे वर्षानुवर्षं रिकामी राहते, आणि निवडणूक-जनगणनेचं काम याच शिक्षकांवर येतं. मराठी शाळेतल्या माझ्या शेवटच्या वर्षी मी एकटी चार तुकड्यांचं गणित घेत होते. फीच्या शाळेत जागा पटकन भरते, पण टिकत नाही. नवी मुंबईत मी होते त्या शाळेत एका आठवीच्या वर्गाला एकाच वर्षात गणिताला तीन शिक्षक झाले, कारण पगार कमी होता आणि चांगली माणसं दुसरीकडे जात होती. त्या वर्गातल्या मुलांचं बीजगणित पुढे दहावीपर्यंत कच्चं राहिलं. पालक मात्र त्या वर्षी नव्या स्मार्ट बोर्डाचं कौतुक करत होते.

तेव्हा शाळेला हा प्रश्न विचाराच: सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक इथे किती वर्षांपासून आहेत? पाच वर्षांहून जास्त असं उत्तर मिळालं तर ती शाळा शिक्षकांना नीट वागवते. सीबीएसई शाळांना त्यांच्या संकेतस्थळावर सक्तीची सार्वजनिक माहिती टाकावी लागते. त्यात शिक्षकांची संख्या, तीन वर्षांचे बोर्डाचे निकाल, फी, इमारत आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रं असतात. पालक ते पान उघडतच नाहीत. तुम्ही उघडा. तिथे काहीच नसेल किंवा जुने कागद असतील तर शाळेला कारण विचारा.

बोर्डाबद्दल फार लिहीत नाही. सीबीएसईचा अभ्यासक्रम जेईई-नीटला सोयीचा, राज्य मंडळाचा सीईटीला, आणि अकरावी-बारावीला कोणत्याही बोर्डाची मुलं ती तयारी वेगळी करतातच. यजमानांची बदली परराज्यात होण्याची शक्यता असेल तर सीबीएसई सोयीचं. नसेल तर बोर्ड हा तुमच्या निर्णयातला लहान भाग.

आता पैसे. इथे मी तुम्हाला वही-पेन घेऊन बसायला सांगेन, कारण करिअरचं सगळ्यात जास्त नुकसान मी इथे होताना पाहिलं आहे. आज १,२०,००० फी आहे आणि ती दरवर्षी सरासरी ८ टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर ज्युनिअर केजी ते दहावी या १२ वर्षांत फक्त फीचे सुमारे २२ लाख ७५ हजार होतात. दहावीच्या वर्षाची फी २ लाख ८० हजारांच्या घरात जाते. यात बस, गणवेश, पुस्तकं, सहली नाहीत. अकरावी, बारावी, क्लास आणि पुढची चार-पाच वर्षं तर अजून यायचीच आहेत.

खरं करिअर घडतं ते पंधरा ते बावीस या वयात, आणि पैशाची गरज तेव्हा सगळ्यात जास्त असते. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. मुलगा दहा वर्षं अतिशय महागड्या शाळेत. बारावीनंतर त्याला पुण्यात डिझाइनला प्रवेश मिळाला, वसतिगृहासकट खर्च मोठा. वडील म्हणाले, बाई, आता हात रिकामे आहेत, कर्ज आधीच दोन आहेत. मुलाने तो प्रवेश सोडला आणि घराजवळच्या कॉलेजात मन नसलेल्या शाखेला गेला. त्याच्या शाळेने त्याला स्वप्न बघायला शिकवलं आणि त्याच शाळेच्या फीत त्या स्वप्नाचे पैसे संपले. ती भेट मी विसरू शकत नाही.

माझा ठोकताळा असा: एका मुलाची फी आणि बस मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि दरमहा काही रक्कम मुलीच्या अठराव्या वर्षासाठी वेगळी पडत असावी. तुमची फी महिन्याला १०,०००, बसचे अडीच-तीन हजार धरले तर १,४०,००० च्या सुमारे नऊ टक्के होतात. म्हणजे आज बसतं. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर बसत नाही, हे आत्ताच लक्षात घ्या. दुसऱ्याला वेगळ्या शाळेत घालणं घराघरांत फार कडू होतं.

फीवाढीच्या बाबतीत तुम्ही असहाय नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या संमतीने ठरते, समितीतले पालक सोडतीने निवडले जातात, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. सोडतीत नाव घालायला लाजू नका. प्रवेशाच्या वेळी देणगी मागणं किंवा मुलाची-पालकांची चाचणी घेणं शिक्षण हक्क कायद्याने बेकायदा आहे. कोणी देणगी मागितली तर एक रुपयाही देऊ नका, आणि अशा शाळेत पुढची बारा वर्षं काय वागणूक मिळेल याचाही विचार करा.

सासऱ्यांच्या शाळेबद्दल माझ्या मनात अतिशय आदर आहे. अशा शाळांचा माजी विद्यार्थ्यांचा गोतावळा ठाण्यात दोन-तीन पिढ्यांचा आहे. डॉक्टर, वकील, सीए, उद्योजक, सगळे एकमेकांना शाळेच्या नावाने ओळखतात. आठ वर्षांपूर्वी निघालेल्या शाळेला हे देणं शक्यच नाही, तिची पहिली तुकडी अजून कॉलेजातसुद्धा गेलेली नाही. शिवाय तिथे सेमी-इंग्रजीची तुकडी असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी विषय मराठीत, ही माझ्या मते अतिशय समंजस रचना आहे. मी शिकवलेल्या सेमीच्या मुलांनी अकरावी सायन्सला फारशी ठेच खाल्लेली मी पाहिली नाही. शिष्यवृत्ती परीक्षा, सहावी-नववीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला, यांची तयारी या शाळा मन लावून करून घेतात.

तरीही तुमच्या बाबतीत माझं मत नौपाड्याच्या विरोधात जातं, आणि कारण घोडबंदर रोड हे आहे. कासारवडवलीहून मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा ओलांडून नौपाड्याला सकाळी जायला तास धरा, परतीचा तास धरा. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक आहे. २०० दिवस रोज दोन तास म्हणजे ४०० तास. तुमची सहा वर्षांची मुलगी जेवढं शिकेल त्याच्या निम्मा वेळ व्हॅनमध्ये बसेल. मेट्रो ४ सुरळीत धावू लागली तरी एवढं मूल एकटं मेट्रोने जाणार नाही. ते ४०० तास झोप, खेळ, गोष्टीचं पुस्तक आणि आजोबांशी गप्पा यांतून काढून घेतलेले असतात. आणि मगाशी मी जी मोकळेपणी बोलायची सवय म्हटलं, ती शाळेइतकीच या गप्पांमधून लागते.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. जवळच्या त्या सीबीएसई शाळेत वही, मधली सुट्टी आणि शिक्षकांची वर्षं या तीन गोष्टी तपासल्या असत्या. तिन्ही पटल्या तर तिथे प्रवेश घेतला असता आणि घरी मराठी वाचन रोज ठेवलं असतं. राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी २०२० च्या कायद्याने सक्तीची आहे, पण शाळेच्या तासांनी भाषा घरची होत नाही, आणि ज्या मुलाला एका भाषेत खोलवर विचार करता येतो त्याला दुसरी भाषा लवकर येते. तीनपैकी दोन गोष्टी पटल्या नाहीत तर घराच्या तीन-चार किलोमीटरच्या आत सेमी-इंग्रजी असलेली अनुदानित शाळा शोधली असती. उरलेले महिन्याचे दहा हजार मुलीच्या नावाने बाजूला टाकले असते आणि रोज रात्री अर्धा तास तिच्याकडून इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचून घेतलं असतं. तुम्ही दोघं नोकरीत इंग्रजी वापरता. तुमचा उच्चार कसा आहे याची चिंता करू नका. वाचून झाल्यावर तिला विचारा, यात तुला काय पटलं नाही? पहिले काही महिने ती 'माहीत नाही' म्हणेल. विचारत राहा.

सासऱ्यांना शाळा बघायला सोबत न्या. त्यांना दोन्ही शाळांतल्या सातवीच्या वह्या दाखवा आणि त्यांचं मत विचारा. जुन्या शाळेत शिकलेल्या माणसाला वही बघून बरंच कळतं. नर्सरीला प्रवेश घेणार असाल तर ३१ डिसेंबरपर्यंत मुलीला तीन वर्षं पूर्ण व्हायला हवीत, तेवढं जन्मदाखल्यावर आधी बघून घ्या. तुमच्या भागातल्या शाळांचे अर्ज बहुतेक वेळा दिवाळीच्या आसपासच सुरू होतात, त्यामुळे वह्या बघायचं काम गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच करा. तेव्हा वह्या निम्म्या भरलेल्या असतात आणि खरं काय ते दिसतं.